एमडीआरचा पेशंट जनरल वॉर्डात निघाला, त्यानंतरचं वर्ष

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज आहे. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाला, म्हणजे आमच्याकडे मुख्यतः टीबीला आणि त्यातही मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला (एमडीआर), रुग्णालयातच आळा घालायचं काम सप्टेंबर २०२४ मध्ये माझ्या गळ्यात पडलं. जुलै २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पथकाने पाहणी करून शेरा दिला आणि फाइल तूर्तास मिटली. शोधायला गेले तेव्हा जे सापडलं ते सगळं मोठ्या शहरांतल्या, मोठ्या बजेटच्या रुग्णालयांसाठी लिहिलेलं होतं. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे इलेक्ट्रिशियन दर गुरुवारी येतो (येतो असं म्हणतात), तिथे हे कसं करायचं ते कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे.

सुरुवात ऑगस्टात झाली. पावसाचे दिवस, वॉर्ड तापाच्या आणि हगवणीच्या पेशंटनी गच्च. वणीकडच्या एका गिट्टी क्रशरवर काम करणारे पंचेचाळीशीचे एक काका न्यूमोनिया म्हणून भरती झाले होते. आठवडाभर मेल वॉर्डात मधल्या खाटेवर होते. अँटिबायोटिकने ताप उतरेना, तेव्हा थुंकी ट्रूनॅट या टीबीच्या तपासणीला गेली. टीबी पॉझिटिव्ह, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स पॉझिटिव्ह, म्हणजे टीबीच्या या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही. लॅबवाला भाऊ रिपोर्ट टेबलवर न ठेवता हातात घेऊन उभा राहिला, त्यावरूनच कळलं.

पुढच्या तासाभरात जे झालं ते बहुतेक ठिकाणी असंच होत असावं. काकांचं ताट वेगळं झालं, चादर फिनाइलच्या बादलीत गेली, आणि जो तो दारातूनच बोलू लागला. "सिस्टर, त्याइले आजच्या आज यवतमाळले पाठवा न जी," शेजारच्या खाटेचे नातेवाईक मागे लागले. ताटाने किंवा चादरीने टीबी होत नाही. खोकल्यातून उडालेल्या थेंबातलं पाणी सुकलं की एक ते पाच मायक्रॉनचे कण उरतात. ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. फरशी पुसून त्यांना काही होत नाही. आठवडाभर कुणी खिडकी उघडली नव्हती, भीती वाटायचीच तर त्याची वाटायला हवी होती.

काकांना जिल्ह्याच्या डीआर-टीबी केंद्रात, म्हणजे अशाच टीबीच्या उपचार केंद्रात पाठवलं. तिथे उपचाराआधीच्या तपासण्या होतात: ईसीजी, लिव्हर, किडनी, रक्त, एक्स-रे. बेडाक्विलिन या एमडीआरवरच्या औषधाने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजीशिवाय गोळी सुरू करत नाहीत. आणखी कुठल्या औषधांना जंतू दाद देत नाही हे पाहायला दुसरा नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत एलपीए या तपासणीसाठी गेला. त्यांना नऊ ते अकरा महिन्यांचा कोर्स लागला, सगळा गोळ्यांचा, इंजेक्शन नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बीपाल्म या चार औषधांच्या कोर्सला मान्यता दिली. आता पात्र पेशंटचं काम साधारण सहा महिन्यांत होतं, एकेकाळी वीस-वीस महिने लागत. पेशंटच्या आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसेही १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० झाले. बँक खातं आधारला जोडलेलं नसलं की ते अडकतात, म्हणून पेशंट समोर असतानाच पासबुकाची झेरॉक्स घ्या.

काका गेले तसा वॉर्डाने सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र तिथेच खटकू लागलं. ज्याचं निदान झालंय आणि ज्याला लागू पडणारी औषधं सुरू झालीत, त्याच्यापासूनचा धोका झपाट्याने उतरतो. खरा धोका ज्याला अजून नाव मिळालेलं नाही त्याचा: केसपेपरच्या रांगेत खोकत उभ्या माणसाचा, न्यूमोनिया म्हणून पडलेल्या पेशंटचा. आणि साध्या टीबीच्या गोळ्या खाणाऱ्याचाही, जर त्याचा जंतू त्या गोळ्यांना जुमानत नसेल तर.

सप्टेंबरमध्ये कार्यालयीन आदेश निघाला. समितीत अधीक्षक साहेब, लॅब टेक्निशियन, औषधनिर्माते, टीबी युनिटचे एसटीएस (उपचार पर्यवेक्षक) आणि मी. मी दोन नावं मागून घातली. एक आमच्या सफाईच्या मावशी, कारण कुठली खिडकी गंजून बसलीय आणि कुठला पेशंट रात्री कुठे थुंकतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दुसरे आस्थापनेचे बाबू. बाबू समितीत नसले तर तुमचं प्रत्येक पत्र त्यांना परकं वाटतं. असले की जावक क्रमांक त्याच दिवशी पडतो.

पहिल्या बैठकीत पंधरा मिनिटांत यूव्ही दिवा, एअर प्युरिफायर आणि निगेटिव्ह प्रेशर रूम असे तिन्ही विषय येऊन गेले. भारत सरकारची २०१० ची मार्गदर्शिका मी प्रिंट काढून नेली होती. तिचा क्रम नेमका उलटा आहे. आधी कामाची पद्धत बदला, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी मास्क. पद्धत बदलायला पैसे फारसे लागत नाहीत. म्हणूनच बहुधा तिच्यात कुणाला रस नसतो, उद्घाटन कशाचं करणार?

आम्ही केसपेपरच्या खिडकीपासून सुरू केलं. बाजारातून २२० रुपयांत एक रबरी शिक्का करून आणला: "खोकला दोन आठवड्यांवर? हो/नाही. आधी टीबीच्या गोळ्या? हो/नाही." दुसरा प्रश्न मी हट्टाने घातला. २०१४ ते १६ या काळात देशभर झालेल्या पाहणीत नव्या टीबी पेशंटपैकी २.८४ टक्क्यांना एमडीआर होता. आधी उपचार घेतलेल्यांत हेच प्रमाण ११.६२ टक्के होतं. चौपट. आमचे काका पाच वर्षांपूर्वी तीन महिने गोळ्या खाऊन, बरं वाटल्यावर सोडून आले होते. भरती करताना हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दोन्हींपैकी एकही "हो" आला की त्या माणसाला साधा मास्क द्यायचा, बाहेरच्या ओट्यावर बसवायचं आणि डॉक्टरांकडे रांग सोडून आधी पाठवायचं. याला भांडणं झाली. "आमी सकाळपासून हावो, याले काहून आधी?" असं रोज ऐकायला मिळालं. शेवटी सुरक्षारक्षक दादांना एकच वाक्य शिकवलं: "तो लवकर गेला तर तुमच्या लेकरावर कमी खोकलेल." त्यानंतर बायाच खोकणाऱ्याला पुढे ढकलू लागल्या. हे करताना माणसाचा अपमान होणार नाही ना, याकडे डोळा ठेवावा लागतो. एका पोराने मास्क भिरकावला आणि निघूनच गेला. आशाताईंनी दोन दिवसांनी परत आणला.

मग थुंकीची डबी. आमच्याकडे पेशंट डबी घेऊन संडासात जायचे. बंद, ओली, बारक्या झरोक्याची खोली, तिथे जोर लावून खोकायचं आणि पुढचा माणूस लगेच आत. इमारतीच्या मागे निंबाच्या बाजूला टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी हिरवी नेट, हात धुवायला नळ, असा कोपरा ९,५०० रुपयांत उभा राहिला. पहिल्या महिन्यात बाया तिकडे जाईनात. नेटमधून दिसतं म्हणे. नेटच्या आत छातीपर्यंत जुन्या चादरी लावल्या आणि प्रश्न मिटला. डबी सकाळीच गेली तर ट्रूनॅटचा निकाल त्याच दिवशी हातात येतो: टीबी आहे की नाही हे तासाभरात, रिफाम्पिसिनचं त्यानंतर आणखी तासाभरात. पूर्वी डबी "उद्या सकाळी आणा" म्हणून घरी जायची आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती उद्या कधी उगवायचीच नाही. आता शिक्क्यावर "हो" असेल तर नमुना घेतल्याशिवाय माणसाला सोडत नाही.

हवेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आणि खरं सांगायचं तर जास्त मजेचं निघालं. यंत्र नव्हतं म्हणून टेप आणि उदबत्ती घेतली. प्रत्येक खाटेजवळ, दारात, खिडकीशी उदबत्ती धरायची आणि धूर कुठे जातो ते कागदावर बाणाने काढायचं. ओपीडीत डॉक्टरांच्या टेबलावर धरली तर धूर पेशंटच्या खुर्चीकडून उठून सरळ डॉक्टरांच्या तोंडावर. टेबल फिरवलं. आता डॉक्टर दाराकडे, पेशंट खिडकीकडे, हवा डॉक्टरांच्या पाठीमागून येऊन पेशंटवरून बाहेर जाते. खर्च शून्य, फक्त अधीक्षक साहेबांना नवी जागा आवडायला आठवडा लागला. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. त्यामुळे खोकल्याच्या ओपीडीच्या खोलीतला एसी बंद करायचा ठराव झाला. तो इतिवृत्तात लिहून सह्या घेतल्या, नुसता तोंडी असता तर मे महिन्यात टिकला नसता.

मेल वॉर्ड १२ बाय ६ मीटर, उंची साडेतीन, म्हणजे २५२ घनमीटर हवा. टीबीचे पेशंट असलेल्या वॉर्डात ही सगळी हवा तासाला किमान १२ वेळा बदलायला हवी, ओपीडीसारख्या ठिकाणी ६ वेळा. उघड्या खिडक्यांच्या हिशोबाचं सूत्र असं: ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग, गुणिले समोरासमोरच्या उघड्या जागांपैकी लहान बाजूचं क्षेत्रफळ, गुणिले ३६००, भागिले खोलीचं घनफळ. वेग मीटर प्रति सेकंदात, बाकी मीटरमध्ये. आमच्या चार खिडक्या कागदावर भरपूर मोठ्या दिसतात, पण त्या नूतनीकरणात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या. कितीही सरकवा, अर्धीच उघडते. एकूण उघडी जागा भरली २.८८ चौरस मीटर. रात्री वारा पडतो तेव्हा ०.२ मीटरचा वेग धरला तर उत्तर आलं साडेपाचच्या आत. तेही सगळ्या खिडक्या उघड्या असतील तर.

जुन्या कौलारू भागातली ड्रेसिंग रूम मात्र उंच छताची, लाकडी दुहेरी पल्ल्यांच्या खिडक्यांची. तिथे उदबत्तीचा धूर धरता धरता नाहीसा व्हायचा. पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा आणि यंत्राने हवा फिरवणाऱ्या खोल्यांपेक्षाही सरस ठरल्या होत्या. आपण मात्र जुनं पाडून सरकत्या काचा बसवतो आणि त्याला सुधारणा म्हणतो.

खिडक्यांच्या वर झरोके होते. पारवे येतात म्हणून कुणीतरी कधीतरी थर्माकोल ठोकून ते बुजवले होते. मावशींनीच दाखवलं. थर्माकोल काढून लोखंडी जाळी बसवली: सुतार, जाळी, रंग मिळून ३,८०० रुपये. उघडी जागा ५.२८ चौरस मीटरवर गेली आणि तेच गणित दहाच्या जवळ पोचलं. झरोक्यांचा दुसरा फायदा डिसेंबरात कळला. थंडीत रात्री नऊला सगळ्या खिडक्या पटापट लागतात. "लावा न बाई, हिव लागते लेकराले," यावर आपल्याकडे उत्तर नसतं. झरोका मात्र कुणाच्या हाताला पोचत नाही. वर जादा ब्लँकेटची मागणी टाकली. संसर्ग नियंत्रणाच्या फाइलवर ब्लँकेट कशाला, असा शेरा आला. "खिडकी उघडी राहावी म्हणून" एवढंच उत्तर लिहिलं. मंजूर झाली.

उन्हाळ्याची मला जास्त धास्ती होती. पंचेचाळीस अंशांत खिडक्या उघड्या ठेवा म्हणणारा माणूस विदर्भात वेडाच ठरतो. पण इथे कूलर मदतीला आला. समोरची खिडकी उघडी नसेल तर कूलर नुसता दमटपणा करतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूर्वी आमचे कूलर वॉर्डाच्या आत मधोमध ठेवलेले असत, आतलीच हवा ओढून आतच फेकत. ते बाहेरून खिडकीला लावले, म्हणजे प्रत्येक क्षणी बाहेरची ताजी हवा आत. आणि खोकल्याच्या खाटा समोरच्या, हवा बाहेर पडते त्या भिंतीला नेल्या. कूलरच्या तोंडाशी खोकणारा पेशंट ठेवला तर त्याची हवा सगळ्या वॉर्डावर जाते, हे लक्षात ठेवा. टाकीचं पाणी आठवड्याला एकदा पूर्ण उपसून कोरडं करा, नाहीतर डेंग्यूची दुसरी फाइल उघडावी लागेल.

संशयित पेशंटसाठी वॉर्डालगतची दोन खाटांची स्टोअर रूम रिकामी केली. ती लहान आहे, ३५ घनमीटरच्या आत, म्हणजे १२ वेळांना तासाला सव्वाचारशे घनमीटर हवा पुरते. बारा इंची एक्झॉस्ट फॅनच्या डब्यावर त्याच्या दुपटीहून जास्त आकडा होता. किंमत २,३५०. फॅन व्हरांड्याकडे तोंड करून लावू नका, मागच्या मोकळ्या जागेकडे लावा. दाराखाली हवा यायला फट ठेवा, आणि बटण खोलीबाहेर घ्या, कारण आवाजाने झोप येत नाही म्हणून पेशंट तो बंद करतोच. नेब्युलायझेशनही याच खोलीत हलवलं. भर वॉर्डात, शेजारच्याच्या नाकाशी वाफ देत खोकायला लावणं हा किती वर्षांचा रिवाज होता कोण जाणे.

पैशांचं सांगते. जाळ्या, फॅन, टिनाचा कोपरा हे सगळं रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून, किरकोळ दुरुस्तीच्या शीर्षाखाली बसतं. प्रत्येक गोष्टीला तीन कोटेशन लागतात आणि तिन्हींवर तारीख हवी. एकावर नव्हती म्हणून आमचा प्रस्ताव ऑक्टोबरच्या सभेतून डिसेंबरच्या सभेत गेला. सभेत "टीबी तर आधीपासूनच आहे, आताच काय झालं" असा प्रश्न आलाच. तेव्हा मी दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरीचं उदाहरण दिलं. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात २००५-०६ मध्ये एक्सडीआर टीबीचे (एमडीआरपेक्षाही जास्त औषधांना दाद न देणाऱ्या) ५३ पेशंट सापडले, ५२ दगावले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना लागण रुग्णालयातच झाल्याची चिन्हं होती. मृतांत आरोग्य कर्मचारीही होते. सभागृह जरा शांत झालं आणि ठराव मंजूर झाला. सरकत्या खिडक्या बदलणं मात्र किरकोळ दुरुस्तीत बसत नाही. ते बांधकाम विभागाकडे जातं.

मास्कचं शेवटी. पेशंटला साधा सर्जिकल मास्क, कर्मचाऱ्याला एन-९५, उलट नाही. साधा मास्क पेशंटचे थेंब अडवतो, पण हवेतले सूक्ष्म कण आपल्या नाकात जाण्यापासून वाचवत नाही. एन-९५ घालून दोन्ही हात त्या मास्कवर दाबा आणि जोरात श्वास सोडा. कडेने हवा लागली तर तो घातला न घातला सारखाच. दाढीवर तो बसत नाही. वापरानंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, कागदी पाकिटात ठेवा. फाटला, ओला झाला किंवा पट्टे सैल पडले की फेका. आमच्या मागणीपत्रात सुरुवातीला फक्त नियमित कर्मचारी धरले होते. वॉर्ड झाडणाऱ्या कंत्राटी मावश्यांची नावं नव्हती. "आमाले काय व्हते जी, आमी रोजचेच," असं त्या हसून म्हणाल्या, पण सगळ्यात जास्त वेळ त्या हवेत त्याच असतात. मागणीपत्र नव्याने टाकलं.

कर्मचाऱ्यांची तपासणीही केली. लक्षणं आणि एक्स-रे, नंतर दर सहा महिन्यांनी. एका मावशींना जुना खोकला होता, त्यांची ट्रूनॅट निगेटिव्ह आली. तो निकाल येईपर्यंतची दुपार कुणाला जेवण गेलं नाही. गरोदर सिस्टरची आणि साखर असलेल्या एका सहकाऱ्याची ड्युटी खोकल्याच्या खोलीतून बदलली. ड्युटी बदलाचं कारण रजिस्टरवर लिहीत नाही. तसंच खाटेवर एमडीआरची लाल पाटी लावायची प्रथा बंद केली. केसपेपरवर निक्षय आयडी (टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि कोड पुरतो.

काका मार्चमध्ये दुसऱ्याच कामासाठी आले होते. वजन वाढलं होतं, कल्चर निगेटिव्ह (प्रयोगशाळेत थुंकीतून जंतू वाढला नाही), कोर्स चालू. क्रशरवर परत जाणार नाही म्हणाले. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की टीबीचा धोका आणखी वाढतो, हे त्यांना केंद्रात सांगितलं होतं. घरच्यांची तपासणी झाली, सगळे ठीक. शिक्का पाहून म्हणाले, "हे तवाच विचारलं असतं तर मी सांगतलं असतं न."

जुलैच्या पाहणीत पथकाने उदबत्तीचा कागद मागून घेतला आणि त्याची झेरॉक्स नेली. शेऱ्यात दोन त्रुटी आहेत. रात्रपाळीत शिक्का मारला जात नाही, आणि एक्स-रे खोलीबाहेरची बाकं अजून बंद बोळातच आहेत. बाकं दुसऱ्या दिवशी हलवली. रात्रपाळीला केसपेपर सिस्टर स्वतःच काढते, म्हणून दुसरा शिक्का करून तिच्या टेबलाला दोरीने बांधला. खिडक्यांचं अंदाजपत्रक बांधकाम विभागाकडे जानेवारीपासून आहे. स्मरणपत्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातं, प्रत जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना. मार्चअखेर निधी परत जायच्या आत अंदाजपत्रक मंजूर व्हायला हवं असेल तर तुम्ही ते सप्टेंबरातच टाका.